सगळंच 'थोडंसं' वाढलेलं : दादाची फाईल, पोटाचा घेर आणि हृदय

मोगरा (सातारा), रविवार, रात्री १०:१५

बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते. आज लिहायला बसले, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझा दादा ४६ वर्षांचा. महिन्यापूर्वी गावच्या जत्रेला गेलो होतो. दुपारी मटणाचं जेवण झालं, उन्हात पालखीमागे चालणं झालं आणि पाच-साडेपाचला त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली. डावा हात दुखत नव्हता, कळही येत नव्हती. जबडा जड झालाय एवढंच म्हणाला. बनियन मात्र पिळून काढावं इतकं घामाने भिजलं होतं. पित्तच आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुणी लिंबू-सोडा आणला, कुणी ओवा दिला, वहिनी पाठ चोळत बसली. रात्री दहाला श्वास लागायला लागला तेव्हा कुठे गाडी काढली. साताऱ्यात ईसीजी निघेपर्यंत अकरा वाजून गेले होते. हृदयाची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. जीव वाचला, पण मधले सहा तास गेले ते गेले. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्क्यांवर आलंय.

पुढच्या तपासणीला जुने रिपोर्ट घेऊन या म्हणाले, म्हणून त्याची फाईल काढली. दादा निष्काळजी नव्हता हो. कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची आणि तो एकेक कागद पंच करून लावून ठेवायचा. २०१८ पासूनचे रिपोर्ट मी चटईवर ओळीने मांडले. उपाशीपोटी साखर १०२, मग १०४, १०९, १११. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, १६८ वरून २३०. एचडीएल, ते चांगलं कोलेस्टेरॉल, ३८ वरून ३३. बीपी १३२/८६, पुढे १३८/८८. मध्ये एकदा पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली होती, त्यात फॅटी लिव्हर ग्रेड वन. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र ११२, त्यामुळे 'कोलेस्टेरॉल चांगलं आहे' हे दरवर्षी ऐकलेलं. बाकी प्रत्येक आकड्यापुढे 'बॉर्डरलाईन'. घरी आल्यावर दादा काय सांगायचा ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय, "काही नाही गं, थोडंसं वाढलंय."

पोटाचं माप एकाही कागदावर नाही. ते सापडलं आमच्या शिंपीकाकांच्या वहीत. दादा बारीक झाला म्हणून त्याच्या पँटी आत घ्यायला टाकल्या, तेव्हा काकांनी मापाची जुनी वही उघडली. २००७, लग्नाचा सफारी, कंबर ३३. २०१२ ला ३५. २०१६ ला ३७. २०२१ ला ३९. गेल्या दिवाळीला साडेचाळीस. निळ्या पेनाने, एकाखाली एक. काका म्हणाले, "मी दर वेळी आत दोन इंच जास्त कापड सोडत गेलो पोरी, पुढं लागणारच म्हणून." मला तिथे दुकानातच रडू आलं.

मला विचारायचंय ते एवढंच. सात वर्षं सगळंच थोडं थोडं वाढत होतं. हे सगळे आकडे एकत्र घेऊन कुणी वाचले का नाहीत? आणि एकत्र वाचले की त्याचा अर्थ काय होतो?

कृष्णाकाठ (सांगली), रविवार, रात्री ११:०२

मोगराताई, वाचून अंगावर काटा आला. मी ४१ चा, वजन ९२, बँकेत बसून काम. माझ्याही रिपोर्टवर तीन ठिकाणी 'बॉर्डरलाईन' आहे. आत्ता उठून फाईल काढलीय. दादांना लवकर बरं वाटू दे.

फिजिशियन_मिरज, सोमवार, सकाळी ६:३०

मोगराताई, मी मिरजेत २१ वर्षं प्रॅक्टिस करतोय. तुमचे आकडे दोनदा वाचले, कारण अशी फाईल माझ्यासमोर रोज येते, आणि गर्दीच्या ओपीडीत मीही कित्येकदा एकेक आकडाच बघितलेला आहे. हे मला मान्य करायलाच हवं.

तुम्ही चटईवर जे मांडलंत त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पाच गोष्टी बघायच्या आणि त्यातल्या कुठल्याही तीन भरल्या की निदान होतं. पोटाचा घेर आपल्याकडच्या पुरुषात ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराईड १५० किंवा वर. एचडीएल पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या खाली. बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५, आणि त्याहून पुढे. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यातल्या कशाची गोळी आधीच चालू असेल तर ती गोष्ट भरलीच म्हणायची. आता दादांचा २०१८ चा कागद परत बघा. साखर, ट्रायग्लिसराईड, एचडीएल, बीपी, चारही भरतात. घेर मोजला असता तर पाचही. म्हणजे निदान सात वर्षांपूर्वीच त्या कागदावर होतं.

हे निदान ज्याला लागू होतं, त्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट आणि मधुमेहाचा साधारण पाचपट असतो. 'थोडंसं' चार वेळा आलं की त्याचं 'पुष्कळ' होतं.

असं का होतं ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. कातडीखालची चरबी त्या मानाने शांत असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी सतत वितळत असते आणि तिच्यातली फॅटी ॲसिड्स यकृताकडे येत राहतात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, तसंच. यकृताला तो माल नाकारता येत नाही. थोडा ते स्वतःतच साठवतं, ते फॅटी लिव्हर. बाकीचा ट्रायग्लिसराईड म्हणून रक्तात परत सोडतं. रक्तात ट्रायग्लिसराईड वाढलं की एचडीएल घसरतं, आणि एलडीएलचे कण लहान, दाट होतात. आकडा ११२ दिसतो, पण त्या आकड्यात कणांची संख्या जास्त असू शकते. 'कोलेस्टेरॉल चांगलं आहे' या वाक्यावर म्हणूनच निर्धास्त राहता येत नाही.

दुसरीकडे यकृत आणि स्नायू इन्शुलिनचं ऐकेनासे होतात. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून साखर कशीबशी आवरून धरतं. तुमच्या फाईलमध्ये १०२, १०४, १०९ दिसतं ते हेच आवरून धरणं आहे. ते वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, म्हणून बीपी चढतं. या सगळ्यात रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. मुळाशी एकच गोष्ट असते, कागदावर ती पाच जागी दिसते.

जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ मध्ये या गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध 'सिंड्रोम एक्स' या नावाने मांडला. पुढे २००१ ची अमेरिकन व्याख्या आली, तिच्यात पुरुषाच्या पोटाची मर्यादा १०२ सेंटिमीटर होती. ती आपल्याला लावली तर ९८ घेराचा माणूस ठणठणीत ठरतो. आपल्यासाठी ९० आणि ८० हे आकडे नंतर ठरले आणि २००९ च्या संयुक्त व्याख्येत कायम झाले.

शिंपीकाकांच्या वहीबद्दल एक सांगतो. पँटचं माप पोटाच्या खाली, पट्ट्याच्या जागी घेतात. पोट सुटलेल्या माणसाचा खरा घेर त्याहून दोन-तीन इंच जास्त निघतो. म्हणजे त्या वहीतले आकडेसुद्धा कमीच आहेत.

सांजवात (सांगली), सोमवार, सकाळी ९:२०

डॉक्टर, बायकांनी माप कुठे घ्यायचं? आम्ही साडी नेसतो, निऱ्यांची घडी मध्ये येते.

फिजिशियन_मिरज, सोमवार, दुपारी २:१०

परकराची नाडी बांधून पोटावर जो वळ उठतो, त्याच्या वर. नीट सांगायचं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटाने चाचपा आणि दोन्हींच्या बरोब्बर मध्ये शिंप्याचा टेप आडवा लावा. कपड्यावरून नको. श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि मग वाचायचं. पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायचा नाही. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, ९० म्हणजे साधारण साडेपस्तीस.

लालमाती (कराड), सोमवार, संध्याकाळी ७:४५

राम राम मंडळी. मी ५८ चा. पंधराव्या वर्षापास्नं पस्तिशीपर्यंत कुस्ती केली. जोर-बैठका हजाराच्या घरात, वर दूध, तूप, बदाम. गुडघा गेला, आखाडा सुटला. दूध-तूप काय सुटलं न्हाई. आज वजन १०४ हाय. गावात अजून पैलवानच म्हंत्यात, आन् अंग बघून कुणी आजारी म्हणणार न्हाई. थोरल्या भावाचं असंच. तोबी पैलवान. ५५ व्या वर्षी झोपेत गेला. रात्री घोरायचा इतका की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं, मधीच आवाज बंद व्हायचा आन् एकदम हबकून उठायचा.

आमाला वाटायचं मोठं अंग म्हंजी ताकद. खरं तर आमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. हे आमाला पाठ हाय, पर त्याचा अर्थ कुणी लावला न्हाई.

डॉक्टर, आज पोरीनं टेप लावला. ११४ सेंटिमीटर. आता या वयात काय करायचं?

फिजिशियन_मिरज, सोमवार, रात्री ९:३०

पैलवान, भावाचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि हबकून उठणं, हा स्वतंत्र आजार आहे, स्लीप ॲप्निया. स्थूल माणसात तो फार दिसतो, बीपी चढवतो आणि हृदयावर रात्रभर ताण आणतो. तुमचं असं होतं का, हे घरच्यांना विचारा. झोपलेल्याला स्वतःला कळत नाही.

आखाड्यात होता तेव्हा जे खात होता ते स्नायू जाळत होते. व्यायाम थांबला की स्नायू आटतात. वजन तेवढंच दिसलं तरी स्नायूंच्या जागी चरबी बसलेली असते. वजनकाट्याला यातला फरक कळत नाही, टेपला कळतो.

वयाचं म्हणाल तर उशीर झालेला नाही. अमेरिकेत २००२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर माणसांचा. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांना तर चालण्या-खाण्याचा फायदा आणखी जास्त झाला. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ ला असाच प्रयोग सहा वर्षं केला होता. त्या माणसांचा ३० वर्षांनी आढावा घेतला तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजारही त्यांच्यात कमी सापडले. तुमचे ७ टक्के म्हणजे सव्वासात किलो. पुन्हा ५७ किलोचं व्हायला कुणी सांगत नाही.

पण चालायला लागण्याआधी ईसीजी, बीपी, साखर आणि लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराईडची तपासणी, करून या. या आठवड्यात.

शंकासमाधान (सातारा), मंगळवार, सकाळी ८:०५

एक शंका, राग नसावा. हे 'मेटाबॉलिक सिंड्रोम' नावच वादग्रस्त आहे असं वाचलंय. अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनीच त्यावर प्रश्न उभे केले होते. आणि माझं वजन ९६ असून सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मी कशाला घाबरू?

फिजिशियन_मिरज, मंगळवार, दुपारी २:४०

बरोबर वाचलंत. २००५ मध्ये त्या दोन संघटनांनी एकत्र निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पाच गोष्टींची बेरीज केल्याने प्रत्येकीच्या धोक्यापेक्षा वेगळं काही कळतंच असं नाही, तेव्हा प्रत्येक गोष्टीवर उपचार करा. त्यात तथ्य आहे. शिवाय या व्याख्येत वय नाही, तंबाखू नाही, एलडीएल नाही, घराण्यातला इतिहास नाही. तिच्यावरून कुणाला झटका येणार हे सांगता येत नाही.

तरीही मी ती वापरतो, आणि त्याचं कारण मोगराताईंची फाईल आहे. एकेक आकडा बघणाऱ्याने प्रत्येकाला 'थोडंसं' म्हटलं. एकत्र बघायची सवय असती तर २०१८ मध्येच कुणीतरी दादांना समोर बसवून बोललं असतं.

आता तुमचं. वजन जास्त आणि रिपोर्ट चांगले अशी माणसं असतात. ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. स्थूल पण साखर, बीपी, लिपिड ठीक असलेल्यांनाही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका, वजन ठीक आणि रिपोर्टही ठीक असलेल्यांपेक्षा सुमारे निम्म्याने जास्त निघाला. शिवाय आजचे चांगले रिपोर्ट दहा वर्षांनी तसेच राहतात असं नाही. घाबरू नका, पण दरवर्षी तपासा आणि जुना कागद टाकू नका. जुन्याशेजारी नवा ठेवून बघा.

बेदाणा (तासगाव), मंगळवार, संध्याकाळी ५:१५

इथे सगळे जाड माणसांबद्दलच बोलताहेत. माझी जाऊ ५२ किलोची, हातपाय काडीसारखे, फक्त पोट पुढे. तिची साखर १२४, ट्रायग्लिसराईड २६०. लोक म्हणतात, एवढीशी तर आहे, हिला काय होतंय.

पुणेरी_सातारकर, मंगळवार, रात्री ८:५०

बेदाणाताई, यावर पुण्यातच फार महत्त्वाचं काम झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून बारीक आणि आतून चरबीचं, हे आपल्या शरीराचं वैशिष्ट्य आहे. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी पण त्या मानाने चरबीने जास्त असतात, असं त्यातून दिसलं. म्हणूनच आपल्यासाठी २३ बीएमआयच्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातही दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. तुमच्या जाऊबाईंना 'एवढीशी' म्हणून सोडू नका.

गुऱ्हाळ (कराड), बुधवार, सकाळी ७:००

साखर सोडा, गूळ खा. आमच्याकडचा सेंद्रिय गूळ कितीही खाल्ला तरी बाधत नाही. आजोबा नव्वद वर्षं जगले.

परडी (सातारा), बुधवार, सकाळी ११:३०

मी आहारतज्ज्ञ आहे. गुऱ्हाळदादा, तुमच्या गुळाची चव आणि कष्ट दोन्ही मला माहीत आहेत, पण 'कितीही' या शब्दाने माणसं दवाखान्यात येतात. गुळातसुद्धा बहुतेक साखरच असते, थोडे क्षार वेगळे. रक्ताला दोन्ही सारखंच. तुमचे आजोबा दिवसभर शेतात राबत होते, त्यांच्या पोटावर टेप लावला असता तर ७५ भरला असता.

मी प्रत्येकाला आधी चहाचा हिशेब विचारते. लोक जेवण सांगतात, चहा सांगतच नाहीत. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे. म्हणजे ६० ग्रॅम साखर नुसती चहात, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, जमलं तर २५. ट्रायग्लिसराईड वाढलेल्या माणसाचा पहिला उपाय बहुतेक वेळा चहाच्या कपातच सापडतो. दुसरा दारूच्या ग्लासात, आणि तो पुरुष बायकोसमोर सांगत नाहीत. मी तिला दोन मिनिटं बाहेर बसवते.

जेवणाचं म्हणाल तर आपल्या ताटात चांगलं आहेच. ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मेथी, शेपू, ताक. अडचण मापाची आहे. शेतात जाणाऱ्या वडिलांच्या तीन भाकऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या मुलाच्या ताटात अजून तशाच पडतात. दोनवर या आणि तिसरीच्या जागी उसळ दुप्पट घ्या. पोट रिकामं राहत नाही. वरून लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण कमी करा, कारण मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, एवढंच चालतं. आणि भडंग. सांगलीकरांनो, मला माफ करा, पण टीव्हीसमोर मांडीवर पातेलं घेऊन बसलेला माणूस किती भडंग खातो हे मी घरातच बघितलंय. वाटीत काढून घ्या, मग बसा.

सांजवात (सांगली), बुधवार, दुपारी ४:००

माप घेतलं. ९३. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, नंतर आपोआप उतरली म्हणून कधी बघितलीच नाही. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पोट वाढलंय. आणखी एक लिहिते, मन घट्ट करून. मला मिश्रीची सवय आहे. चाळीस वर्षं. घरात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तिचा हृदयाशी काही संबंध आहे का?

फिजिशियन_मिरज, बुधवार, रात्री १०:१०

सांजवातताई, हे लिहिलंत हे फार मोठं केलंत. आमच्याकडे बायका मिश्रीचं सांगतच नाहीत.

संबंध आहे. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचं प्रमाण जास्त आढळलं. मिश्री तंबाखूचीच. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, तेव्हा 'आपोआप उतरली' म्हणून तो विषय तिथे संपत नाही. पाळी गेल्यावर चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि बीपी, चारही करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह.

बायकांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, की तुमचा झटका सिनेमातल्यासारखा येईलच असं नाही. जबडा जड होणं, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखणं, मळमळ, एकाएकी गळून जाणं, गार घाम. दादांचाही तसाच होता. जेवणानंतर जळजळ आणि सोबत घाम असेल तर सोडा शोधू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर गाडी काढा, आणि जिथे ईसीजी निघतो अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी जा. अँजिओप्लास्टीची सोय लांब असेल तर जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळू शकतं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं हृदयाचं मांस वाचतं. पित्त निघालं तर ईसीजीचे पैसे गेले, एवढंच.

कृष्णाकाठ (सांगली), गुरुवार, सकाळी ६:५०

माझं माप ९९. तीन गोष्टी भरल्या. कालपासून आयर्विन पुलावरून चालत जाऊन येतोय. जिममधला एकजण वजन उतरवायची इंजेक्शनं आणून देतो म्हणतोय. घेऊ का?

फिजिशियन_मिरज, गुरुवार, दुपारी १:५५

त्याच्याकडून अजिबात नको. औषध खरं आहे. त्यातल्या सेमाग्लुटाईड या इंजेक्शनचा अभ्यास २०२३ मध्ये आला, आधीच हृदयविकार किंवा अर्धांगवायू वगैरे झालेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांवर लोकांचा. झटका, अर्धांगवायू आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. पण मळमळ-उलट्या होतात, स्नायूही आटतात, थांबवलं की वजन परत चढतं, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांना फार जपून ठरवावं लागतं, आणि घरात काही ठरावीक थायरॉईड कॅन्सर असलेल्यांना देता येत नाही. हे डॉक्टरने तपासून, चिठ्ठी लिहून, लक्ष ठेवून द्यायचं औषध आहे. तुम्ही पूल चालताय ते चालू ठेवा.

लालमाती (कराड), शुक्रवार, रात्री ८:३०

जाऊन आलो. बीपी १५८/९६, साखर १३९. गोळ्या चालू झाल्या. झोपेची तपासणी सांगितलीय. तालमीतल्या जुन्या दोस्तांना टेप घिऊन बोलावलंय रविवारी. सात जणं येणार हायती.

मोगरा (सातारा), शनिवार, रात्री ९:४५

तुम्हा सगळ्यांचं वाचून दादाला वाचून दाखवलं. पैलवानकाकांच्या भावाचं ऐकून तो बराच वेळ बोलला नाही.

त्याला अजिंक्यताऱ्यावर परत जायचंय. पंचविशीत पहाटे धावत चढायचा. डॉक्टरांनी सध्या सपाटीवर दहा मिनिटं सांगितली आहेत, चढ नाही. काल आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. मध्ये एकदा थांबला, किल्ल्याकडे बघितलं, काही बोलला नाही. मी पण काही विचारलं नाही.

शिंपीकाकांनी त्यांचा एक जुना टेप मला दिलाय, पिवळा, कडेने उसवलेला. तो स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलाय. आज सगळ्यांची मापं घेतली आणि कॅलेंडरच्या मागे लिहिली. दादा १०१. मी ८६. माझा भाचा, अठरा वर्षांचा, ९२. आणि वहिनी ९४. सगळ्यांची मापं झाल्यावर तिने हळूच सांगितलं, की तिला जिना चढताना दोन महिन्यांपासून दम लागतो, पण दादाचं एवढं चाललेलं म्हणून ती बोलली नाही. "थोडासाच लागतो," म्हणाली.

उद्या रविवार असला तरी लॅब सकाळी दहापर्यंत उघडी असते, फोन करून विचारलंय. रात्री साडेआठनंतर तिने काही खाल्लेलं नाही. साडेसातला निघतोय. रक्त देऊन झालं की तिथूनच ईसीजीला.